नंतर आलेली

हे वाचून झाल्यावर खाली कोणीतरी लिहिणारच, "छान रंगवलंय." रंगवलेलं नाही. रंगवायचं माझ्या हातात असतं तर मी शेवट वेगळा केला असता.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे. जेवणं आटोपून माणसं आडवी होतात आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं, त्या वेळेची. जागा म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचं घर. मागचा उन्हाळा. साक्षीदार मी स्वतः.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

शहरातली जुनी घरं शोधायची, मापं घ्यायची, नकाशे काढायचे आणि ती पाडण्यापासून वाचवायची, हे माझं काम. जुनी म्हणजे राजवाडे नव्हेत. राजवाड्यांना वाली पुष्कळ. आमची घरं साठ-सत्तर वर्षांपूर्वीची. सपाट गच्ची, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारी खिडकी, पोर्चला काठीसारखे बारीक खांब, सिमेंटची जाळी, पायाखाली मोझॅकची गुळगुळीत फरशी. त्या काळातल्या आर्किटेक्टांनी काय हौसेनं बांधलीत ती! पण लोकांना दाखवावीत तर म्हणतात, "यात काय बघायचं? आमच्या काकांचं घर असंच होतं."

"होतं ना? मग आता कुठे आहे?"

"पाडलं. तिथे टॉवर झाला."

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

अशा घरात शिरले की मी आधी भिंती वाजवते. बोटाच्या पेराने. मूळची विटांची भिंत भरीव वाजते... ठक. कोणीतरी नंतर घातलेली पातळ भिंत पोकळ वाजते... ढब. ठक वाजलं तर ठेवायचं. ढब वाजलं तर ते नंतरचं, काढून टाकायचं. रंगानं डोळे फसतात, कान फसत नाहीत. त्यामुळे ऑफिसात मला चिडवतात, की ही लग्नाला मुलगा बघायला गेली तेव्हाही आधी त्याला वाजवून बघत होती.

दुसरी एक पद्धत आहे. प्रत्येक घराचं एक वर्ष ठरवावं लागतं. घर त्या वर्षी जसं होतं, तसं जपायचं. त्यानंतर जे जे जोडलं गेलं, ते उतरवायचं. एकदा महापालिकेच्या वारसा समितीनं वर्षावर शिक्का मारला की मग ते कोणालाच बदलता येत नाही. बिल्डर लोकांनी पळवाटा काढू नयेत म्हणून नियम असा कडक केलाय. तो कडक व्हावा म्हणून भांडणाऱ्यांत मीही होते.

आता ताईचं घर.

ते माझ्या भावोजींच्या वडिलांनी बांधलेलं. पोर्चचं छत एका बाजूनं पंखासारखं वर उचललेलं. आतला जिना भिंतीतून निघालेला, खाली आधार नाही, लहान मूल सुद्धा त्यावरून जपून चढेल असा. भावोजी त्याच घरात जन्मले, अगदी घर पूर्ण झालं त्याच वर्षी. ताई लग्न होऊन आली ती पुष्कळ नंतर.

माझी ताई म्हणजे तोंडाचा पट्टा. सकाळी सुरू झाली की झोपेपर्यंत. भाजी चिरताना बोलणार, फोनवर बोलणार, फोन ठेवल्यावर त्या फोनबद्दल बोलणार. भावोजी तिला "रेडिओ" म्हणायचे. बायकोला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकलीच नाही. "रेडिओ, चहा होईल का?" "रेडिओ, जरा आवाज कमी." ती लटकं रागावायची आणि आणखी जोरात बोलायची.

दोन वर्षांपूर्वी भावोजींना अर्धांगवायूचा झटका आला. एक बाजू गेली. नजरही अधू झाली, उजेड-अंधार कळायचा इतकंच. पुढच्या खोलीत त्यांचा पलंग टाकला. त्यांना दिवसभर सोबत होती ती ताईच्या आवाजाची. ती आत काम करता करता बोलत राहायची आणि ते पडल्या पडल्या हुंकार द्यायचे. मला वाटतं ते त्या आवाजावरच जगत होते.

नेमके तेव्हाच भावोजींचे चुलत भाऊ बिल्डरला घेऊन आले. जागा आजोबांची, म्हणून घर सगळ्यांच्या नावावर होतं. पाडायचं आणि टॉवर बांधायचा.

भावोजी एवढंच म्हणाले, "मला या घरातून हलवू नका."

ताईनं माझा हात धरला. "बारके, तू एवढी लोकांची घरं वाचवतेस. माझं एक वाचव गं."

मी वाचवलं.

घर कुठल्या वर्षाचं धरायचं यावर समितीत वाद झाला. मी घर बांधून पूर्ण झालं तेच वर्ष मांडलं. त्याशिवाय घर जपायच्या यादीत बसलंच नसतं. ताईनं पुढे केलेल्या दुरुस्त्यांसकट ते "बदललेलं घर" ठरत होतं, आणि बदललेलं घर पाडायला परवानगी मिळते. मी तास न् तास भांडले. शिक्का पडला. बिल्डर हात चोळत बसला. ताईनं मला कडकडून मिठी मारली.

मग काम सुरू झालं. ताईनं सासूबाई गेल्यावर मागचा व्हरांडा बंद करून स्वयंपाकघर मोठं केलं होतं, ते काढलं. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या काढून जुन्या लोखंडी बसवल्या. मी खोलीखोलीतून भिंती वाजवत फिरले आणि ढब वाजेल तिथे कामगारांना खूण करून दिली. ताई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"म्हणजे जे जे मी या घरात केलं ते सगळं जाणार म्हण ना."

"घर राहतंय ना पण."

"हो बाई, राहतंय. आणि मी? मी पण नंतरचीच आहे की. मला कधी काढताय?"

आम्ही दोघी हसलो. आतून भावोजीही हसले.

कामगार गेले. घर असं काही देखणं दिसायला लागलं की मी पुन्हा पुन्हा बघायला जायचे. अशाच एका दुपारी मी आणि ताई मागच्या उघड्या व्हरांड्यात चहा घेत बसलो होतो. भावोजींचा डोळा लागला होता. बाहेर पान हलत नव्हतं.

आणि आतून आवाज आला...

ठक.

थोडं थांबून पुन्हा...

ठक.

मला वाटलं एखादा कामगार मागे राहिलाय. मी हाक मारली. उत्तर नाही. आवाज पुढच्या खोलीतून जेवणाच्या खोलीकडे सरकला. भिंतीला धरून. एक पाऊल... ठक. एक पाऊल... ठक.

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

ती माझी पद्धत होती. बोटाच्या पेराने, खांद्याच्या उंचीवर, पावलागणिक. तसं दुसरं कोणी करत नाही.

आम्ही आत गेलो. कोणी नव्हतं. भावोजी झोपेत होते. आवाज जिन्यावरून वर चालला होता. आम्ही खाली उभ्या राहून ऐकत राहिलो. वरच्या खोल्या एकेक करून झाल्या. सगळीकडे भरीव आवाज. ठक... ठक... ठक...

मग शांत.

"पाइपात हवा असेल," मी म्हणाले.

"हो, हवाच," ताई म्हणाली. जिन्याकडे बघतच ती मागे सरकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"बारके, हसू नकोस. मी आता जरा आडवी झाले होते. कुशीवर. डोळा लागत होता तर..."

"तर काय?"

"कोणीतरी माझ्या पाठीवर वाजवलं."

"म्हणजे?"

"तू भिंतीवर वाजवतेस ना, तसं. पेराने. एकदा इथे, एकदा जरा खाली. आणि आवाज कसा आला सांगू?"

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"ढब," ताई म्हणाली.

मी तिला समजावलं. दगदग झालीय, झोप नाही, कालचं डोक्यात बसलंय. जे कोणीही सांगेल तेच सांगितलं. पण त्या दुपारी मी स्वतः आडवी झाले नाही.

त्यानंतर तिचे फोन यायचे, पण पलीकडे काही नसायचं. मी हॅलो हॅलो करून ठेवून द्यायचे. नेटवर्कला शिव्या घालायचे. मग एकदा भावोजींनी शेजाऱ्यांकरवी निरोप पाठवला, जमेल तेव्हा येऊन जा.

मी गेले तर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"मेहुणीबाई, तुमच्या ताईला सांगा, माझं काही चुकलं असेल तर माफ कर. पण असा अबोला धरू नकोस."

"अबोला? आणि ताई?"

"बोलतच नाही. कामं करते, औषध देते, सगळं करते. पण तोंडातून शब्द नाही. हाक मारली तर ओ नाही. मला काही दिसत नाही हो. ती खोलीत आहे की नाही तेही मला कळत नाही."

मी वळून बघितलं. ताई दारात उभी होती.

ती बोलत होती.

हात हलत होते, मान हलत होती, ओठ हलत होते. डोळ्यांत पाणी होतं. ती भावोजींकडे बोट दाखवून मला तावातावानं काहीतरी सांगत होती. आणि खोलीत... भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीशिवाय कसलाही आवाज नव्हता.

मी तिचा हात धरला आणि ओढत तिला पोर्चमध्ये आणलं. उंबरा ओलांडला आणि रेडिओ मध्येच सुरू व्हावा तसा तिचा आवाज फुटला.

"...गेला आठवडाभर घसा फोडून सांगतेय, अहो मी इथेच आहे, बोलतेय तुमच्याशी, पण यांना ऐकूच येत नाही! कान पण गेले की काय गं यांचे?"

"ताई... तुला तुझा आवाज येतो? आत?"

"येतो म्हणजे? येणारच ना!"

मी तिला पुन्हा आत नेलं. ओठ हलले. आवाज नाही. बाहेर आणलं. आवाज आला. कितीदा तरी आम्ही त्या उंबऱ्यावर आत-बाहेर केलं. शेवटी तिला कळलं. ती पोर्चच्या पायरीवर मटकन खाली बसली.

मग आम्ही एकेक गोष्ट करून बघायला लागलो. तिनं स्वयंपाकघरात स्टीलचं पातेलं मुद्दाम हातातून सोडलं. ते फरशीवर आपटलं, गिरकी घेत लांब गेलं आणि भिंतीला लागून थांबलं. मी समोर उभी होते. मला काही ऐकू आलं नाही. तेच पातेलं मी टाकलं तेव्हा एवढ्या मोठ्यानं खणखणलं की भावोजी पुढून ओरडले, "काय पडलं?"

चपला घालून ती चालली तर पाय वाजत नव्हते.

त्या घरातून तिला पुसत आणलं होतं. दुसरा शब्द नाही मला.

"चल, माझ्याकडे चल," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"आणि यांना?"

"त्यांनाही नेऊ."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या अवस्थेत घराबाहेर नेणं धोक्याचं आहे. भावोजींना विचारलं तर त्यांनी नुसती मान हलवली, नाही. या घरातून मी जाणार नाही. माझी आई इथेच गेली, वडील इथेच गेले.

मग ताईलाच सुचलं. "पोर्चपर्यंत तर नेता येईल ना? तिथे माझा आवाज येतो."

किती साधी गोष्ट! माझ्या डोक्यात आलीच नव्हती. शेजारच्या दोघांना बोलावून भावोजींना खुर्चीत बसवून आम्ही बाहेर आणलं. पंखासारख्या त्या छताखाली सावली होती. ताई त्यांच्या पायाशी बसली.

"अहो..." ती म्हणाली.

भावोजींचा अख्खा चेहरा हलला. अधू डोळ्यांनी ते आवाजाच्या दिशेला बघायला लागले.

"रेडिओ! रेडिओ लागला!"

मग ती जी सुटली! आठवडाभराचं साठलेलं सगळं तिनं सांगितलं. शेजारणीच्या सुनेपासून गॅसवाल्यापर्यंत. रडत होती, हसत होती, मधेच त्यांना रागावत होती. भावोजींनी चांगला हात तिच्या डोक्यावर ठेवला होता आणि ते हुंकार देत होते. ते सगळं बघून माझा जीव भांड्यात पडला. मी मनात म्हटलं, झालं, रोज संध्याकाळी असं बाहेर आणत जाऊ. निभेल.

तेवढ्यात आत खिडकीची कडी वाजली. नुसती कडी. लोखंडी खिडक्यांची ती जुनी, जड कडी.

भावोजी हुंकार द्यायचे थांबले. त्यांनी मान आतल्या बाजूला वळवली आणि कान दिला.

"काय हो?" ताईनं विचारलं.

"श्श... आई बोलावतेय."

"कोण?"

"आई. म्हणतेय, बाब्या, बाहेर झळ लागेल, आत ये." त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मला आत न्या."

मला काही ऐकू आलं नव्हतं. ताईलाही नाही. शेजारचे दोघं एकमेकांकडे बघत होते.

"अहो, मी बोलतेय ना तुमच्याशी," ताई म्हणाली. "जरा वेळ बसा ना. मी बोलतेय ना..."

"मला आत न्या! आई रागावेल!"

ते खुर्चीतून उठायची धडपड करायला लागले. पडले असते. न्यावंच लागलं. ताई बोलत बोलत खुर्चीमागून चालत होती आणि उंबऱ्यावर तिचं वाक्य तुटलं.

त्यानंतर ते कधीही बाहेर यायला तयार झाले नाहीत.

मी माझ्या ऑफिसात गेले. तिथून समितीच्या साहेबांकडे. त्यांना खरं काय सांगणार? मी म्हणाले, त्या घराचं वर्ष बदलायचंय. चाळीसेक वर्षं पुढे घ्यायचंय, म्हणजे माझ्या ताईचं लग्न, तिनं केलेले बदल, सगळं त्यात बसेल.

साहेबांनी घराची फाइल काढून समोर ठेवली.

"मॅडम, त्या वर्षासाठी तुम्ही स्वतः किती भांडलात! आम्ही सगळे नको म्हणत होतो."

"चूक झाली, साहेब."

"पण आता तशी सोयच नाही. शिक्का पडलाय. आणि खरं सांगू? आज सकाळीच आमची माणसं पाहणीला जाऊन आली. इतकं मूळ स्थितीतलं घर अख्ख्या शहरात दुसरं नाही म्हणाले. अहो, आत गेलं की त्या काळातच गेल्यासारखं वाटतं."

"तिथे त्यांना कोणी भेटलं का?"

"आजारी गृहस्थ होते ना, पलंगावर."

"आणि माझी ताई? तिनं दार उघडलं असेल. चहा दिला असेल. ती कोणालाही चहाशिवाय जाऊ देत नाही."

साहेबांनी जरा आठवून बघितलं. "नाही हो. दार उघडंच होतं. दुसरं कोणी नव्हतं."

मी तशीच धावत तिच्याकडे गेले. ताई होती. मला दिसत होती. दारात उभी होती. टेबलावर तीन कप होते, वर साय आलेली, कोणी हात न लावलेले. तिनं माझ्याकडे बघून कपांकडे बोट केलं आणि खांदे उडवले. तिचे डोळे इतके थकलेले मी कधी बघितले नव्हते.

मी तिला पोर्चमध्ये नेलं. आता पोर्चमध्येही आवाज येत नव्हता. फाटकापाशी नेलं. तिथे आला, पण खोल विहिरीतून यावा तसा.

"सोड ते घर, ताई! पाया पडते तुझ्या. तू चल माझ्याबरोबर."

"यांना पाणी कोण देईल?"

"बाई ठेवू. मी स्वतः येऊन राहते. मला काय, मी नंतर जाईन घरी. पण तू नीघ."

"बारके," ती म्हणाली, "त्यांना वाटेल मी खरंच सोडून गेले."

आणि ती आत गेली. मी रस्त्यावर उभी राहून रडले. येणारे-जाणारे बघत होते. शहरातली एवढी घरं वाचवली म्हणून लोक माझा सत्कार करतात आणि माझ्या बहिणीला मी एका फाटकातून बाहेर काढू शकत नव्हते.

पावसाळा सरता सरता भावोजींचं फार बिघडलं. मी तिथेच मुक्काम हलवला. दुपारी मी त्यांच्या उशाशी बसायचे. पलीकडच्या बाजूला ताई. तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतलेला असायचा आणि ती अखंड बोलत असायची. ओठ थांबायचे नाहीत.

त्या दिवशी भावोजी बराच वेळ शुद्धीवर होते.

"मेहुणीबाई," ते हळूच म्हणाले. "खरं सांगा. तुमची ताई मला सोडून गेली ना?"

"नाही हो भावोजी. ती इथेच आहे. तुमच्या शेजारी बसलीय. तिनं तुमचा हात धरलाय बघा. तो हात तिचाच आहे."

त्यांनी बोटं जराशी हलवली. चाचपून बघितलं. मग ते हसले. मी वेड्यासारखं काहीतरी बोलले तर ते जसं सांभाळून घेणारं हसायचे ना, तसं.

"नाही हो," ते म्हणाले. "हा आईचा हात आहे. अंगठी लागतेय ना तिची."

मी ताईच्या हातांकडे बघितलं.

तिच्या बोटांत अंगठी नव्हती.

ताईनं ते ऐकलं होतं. तिनं त्यांचा हात छातीशी घट्ट धरला आणि तोंड उघडलं. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, अंग थरथरत होतं, ती जिवाच्या आकांतानं ओरडत होती. हातभर अंतरावर बसलेल्या मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही.

भावोजी तसेच हसत गेले. शांतपणे. "आलो" म्हणाले शेवटी. कोणाला ते मला विचारू नका.

दिवसकार्य झाल्यावर मी ताईला माझ्या घरी आणलं. तेव्हा तिनं विरोध केला नाही. रिक्षात बसल्यावर मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. फाटक गेलं, गल्ली संपली, चौक मागे पडला. आता आवाज येईल, आता येईल...

आला नाही.

आजही आलेला नाही. तीन डॉक्टर झाले. घशात काही दोष नाही म्हणतात. बाकी तिचं उत्तम आहे. खाते-पिते, टीव्ही बघते, माझ्या नवऱ्याला दिसते, शेजाऱ्यांना दिसते. त्या घराला मोठं बक्षीस मिळालं. शनिवार-रविवारी लोक बघायला येतात, फोटो काढतात. ऑफिसनं मला तिथे माहिती सांगायला उभं राहायला सांगितलं होतं. मी जात नाही. ते घर वाजवायची पद्धत माझ्याकडून शिकलं की आधीपासून त्याला येत होती, याचा विचार केला की मला घाम फुटतो. आता कुठलीही भिंत वाजवायला माझा हात उचलत नाही. नोकरी बहुतेक सोडावी लागेल.

ताईला मी वही-पेन आणून दिलं होतं. तिनं ते बाजूला सारलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी बोलतेय ना, मग लिहू कशाला?

कारण ती बोलते. सकाळी उठल्यापासून. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, माझ्या मागे मागे फिरत. पूर्वीसारखी, हातवारे करत. मधेच थांबते आणि माझ्या तोंडाकडे बघत राहते. तिनं काहीतरी विचारलेलं असतं आणि तिला उत्तर हवं असतं.

"हो ताई," मी म्हणते. "हो गं."

तिचे डोळे भरून येतात. कधी ती मान डोलावते, कधी मला जवळ घेते.

मी कशाला हो म्हणाले, हे मला माहीत नसतं.